एकदाच वाजणारी फीत

“तीन मिनिटं, बाई. घड्याळ लावलंय,” कायदा समितीचे अध्यक्ष आबिल्बेक म्हणाले आणि ग्रंथपाल बुरुलचा उभी राहिली.

तिने ग्रंथालयातून आणलेला अवजड टेपरेकॉर्डर अध्यक्षांच्या खुर्चीला लागूनच ठेवला होता, कारण विजेचा प्लग नेमका तिथेच. तंत्रज्ञ जोलदोश वायरी जोडत होता. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

बिश्केकच्या त्या संशोधन ग्रंथालयात अशा नऊशे फिती. पन्नास वर्षांपूर्वी डोंगरातल्या बायकांनी मयताच्या घरी गायलेले विलाप. आता फिती झडायला लागल्या होत्या. नक्कल करायची तर गाणाऱ्या बाईची नाहीतर वारसांची सही हवी, असा कायदा. मालक सापडतच नसेल तर ग्रंथालयाला नक्कल करू द्या, लोकांना ऐकू द्या, एवढं एक कलम कायद्याच्या नव्या मसुद्यात घातलं होतं. ते आज उडणार, अशी कुजबुज सकाळपासून चालली होती.

“न विचारता दुसऱ्याची वस्तू घेतली तर आमच्याकडे तिला चोरी म्हणतात,” आबिल्बेक म्हणाले. “सह्या आणा की. कोणी अडवलंय तुम्हाला?”

“कुणाच्या आणू, साहेब?” बुरुलचाने डब्यावरचं कार्ड वाचलं. “‘नारीन प्रांत. घरची सून. वय तीस.’ संपलं. कुणाच्या घरची, असं विचारलं असणार. पण सून सासऱ्याचं नाव घेते का कधी? लिहिणाऱ्यानेही पुढे विचारलं नाही, तिचं स्वतःचं नावसुद्धा नाही.”

“मग शोधा.”

“सहा वर्षं शोधतोय. नऊशेंपैकी अकरा घरं सापडली.”

कोपऱ्यातले एक सभासद फिस्सकन हसले. बुरुलचाने डबा उघडून फीत यंत्रावर चढवली.

“एजे, अजून वेळ गेलेली नाही,” थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणत जोलदोश तिच्या कानाशी लागला. “ही आता एकदाच चालेल. मग वरचा थर झडून पट्टी कोरी. वेड लागलंय का तुम्हाला?”

वेडच म्हणायचं. आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नव्हतं. नऊशेंसाठी एक, असं ती स्वतःला बजावत होती; पण त्या परक्या बाईचा गळा आपण आपल्या हाताने दाबतोय, हे काही मनातून जात नव्हतं.

“ही फीत यापुढे एकदाच वाजेल,” ती समितीला म्हणाली. “वाजवायला कायद्याची हरकत नाही. उतरवून घ्यायला आहे. तेव्हा ऐकून घ्या.”

तिने बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग बाईचा आवाज आला, जाडसर, थकलेला. ‘कुत्रं अजून तुझ्या वाटेकडे तोंड करून बसतं,’ ती गात होती, ‘त्याला मी काय सांगू?’ मघाशी हसलेले सभासद सावरून बसले. आत बायका विलाप करत असताना पुरुषांनी मयताच्या तंबूबाहेर बसावं तशा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तीन मिनिटं झाली, घड्याळ वाजलं. आबिल्बेकांनी चटकन हात लांबवून ते बंद केलं. रडणाऱ्या बाईला मध्येच कोण थांबवणार? तेवढी कुणाची छाती नव्हती.

यंत्राखाली तपकिरी भुकटी साचत चालली. जोलदोशने तोंड फिरवलं. बुरुलचालाही बघवेना. उरलं किती, पाच मिनिटं? चार? तिने नजर खाली वळवली.

टेबलाखाली आबिल्बेकांच्या गुडघ्यावर त्यांचा फोन होता. पडद्यावर लाल ठिपका लागलेला, सेकंद पुढे सरकत होते. मान मात्र त्यांनी सगळ्यांसारखीच खाली घातली होती.

तिने दाराकडे पाहिलं, कारकुनाकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं.

मग बुरुलचाने यंत्राच्या फिरत्या बटणावर हात ठेवला आणि आवाज थोडा मोठा केला.