कागदी फुगा

गायिका मित्सुएचं कागदी फुग्याचं गाणं त्या वर्षी जपानभर रेडिओवर वाजत होतं. गाण्यातला बाप फुंकर मारून फुगा फुगवतो आणि लेकीबरोबर तो तळहातांवर उडवत बसतो. मित्सुएचे वडील तोयामा प्रांतातले फिरते औषधविक्रेते. गावोगावच्या गिऱ्हाइकांच्या मुलांना ते असे फुगे वाटत. त्यामुळे गाणं तिच्याच बालपणाचं, असं लोक धरून चालले होते आणि तीही कधी नाही म्हणाली नव्हती.

उत्तरेकडच्या अकिता प्रांतातला कार्यक्रम संपल्यावर तिच्याच वयाची एक शेतकरीण रंगपटात आली. धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याची पुडी मित्सुएच्या हातात ठेवत म्हणाली, "ताई, भातकापणी झाली की तुमचे बाबा आमच्याकडे मुक्कामाला यायचे. संध्याकाळी चुलीपाशी माझ्याशी फुगा खेळायचे, अगदी तुमच्या गाण्यातल्यासारखं. माझ्या हातून पडला तरी म्हणायचे, 'चूक माझीच हं.'"

बाहेर गाडी थांबली होती. मॅनेजर डोकावून गेला.

"तुमच्याशी तर किती खेळले असतील," बाई म्हणाली.

"ते घरी असायचेच कुठे? फुग्यांच्या घड्या मी त्यांच्या पेटीत भरून द्यायचे, तेवढंच. गाणं मी मनानेच रचलं."

बाई ओशाळली आणि उठायला लागली. मित्सुएने तिचा हात धरून तिला पुन्हा खाली बसवलं.

"आणखी काय म्हणायचे ते?"