विमलाच्या ट्रंकेतली बाटली

सयाजी पुन्हा होस्टेलच्या फाटकाशी आला आणि पुन्हा त्यानं विमलालाच बोलावलं. खिडकीतून बघणाऱ्या शालनच्या अंगाचा तिळपापड झाला.

सयाजी तिच्या अक्काचा धाकटा दीर. कोल्हापुरात शिकायला होता, महिन्यातून एकदा घरी पन्हाळ्याला जायचा. त्याच्याशीच लग्न करून अक्काची जाऊ व्हायचं, हे शालननं कधीच ठरवून टाकलं होतं. अक्कालाही आधार झाला असता. पदरात तीन मुली, सासू नातवासाठी हटून बसलेली, आणि पुढचं बाळंतपण जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी बजावलेलं. आता फक्त सयाजीनं विचारायचं बाकी होतं.

आणि तो बघा, शालनच्याच खोलीतल्या मैत्रिणीशी हळू आवाजात बोलत होता. दर महिन्याला हेच. विमला लाडवांचा डबा त्याच्या हातात द्यायची आणि हा मान खाली घालून निघून जायचा.

विमलानं माणसं फितवायची विद्याच शिकून घेतली होती. दिवाळीआधी अक्का भेटायला आली, तर शालनला चहा आणायला पिटाळून तीही तासभर विमलाशीच बोलत बसली. काय बोललीस म्हणून विचारलं, तर हसून म्हणाली, "तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, बाई."

एका दुपारी विमला तासाला गेल्यावर शालननं तिची ट्रंक उघडली. तळाशी बिनचिठ्ठीची बाटली, बाटलीत बारक्या पांढऱ्या गोळ्या, आणि खाली लाल त्रिकोणाचं पत्रक. विमलाची मावशी कुटुंब नियोजन केंद्रात नर्स होती, हे साऱ्या होस्टेलला ठाऊक होतं. पाकीट फाडून गोळ्या बाटलीत भरल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

रेक्टरबाईंना सांगावं असं आधी वाटलं. पण विमला रडून सुटली असती. त्यापेक्षा तिचं पोटच बोलू दे. अशक्तपणासाठी डॉक्टरांनी शालनला दिलेल्या गोळ्याही तशाच बारक्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. तिनं आपल्या गोळ्या बाटलीत भरल्या आणि विमलाच्या गोळ्या मोरीत ओतल्या. पुढच्या महिन्यात ट्रंकेत नवी बाटली दिसली. तिचीही तीच गत केली.

मग ती वाट बघत बसली. विमलानं जेवताना चिंचेचा कोळ मागितला तरी शालनला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

तिसऱ्या महिन्यात सयाजी अवेळी आला. तोंडावर रंग नव्हता. आता भांडं फुटणार म्हणून शालन विमलाच्या पाठोपाठ गेली आणि फाटकाच्या खांबाआड उभी राहिली.

"विमलाताई," सयाजी म्हणाला, "तुम्ही दिलेली एकबी गोळी चुकवली न्हाई म्हणतीया वहिनी. तरी दिवस गेल्यात तिला."