चौदा रकान्यांचं घर

भूलतज्ज्ञ बायकोला दूरच्या शहरातल्या इस्पितळात मोठी नोकरी लागली, आणि कुटुंबाला साजेसं उपनगर शोधण्याचा विडा नवरोबाने उचलला. शाळा, बाग, हवा, शेजार अशा चौदा रकान्यांचा तक्ता त्याने आखला. त्यावर आईचं, थोरल्या भावाचं, इतकंच काय, वहिनीच्या माहेरचंही मत मागवलं. चार वर्षांची लेक आपल्या डोळ्यांसमोर राहावी, एवढीच बायकोची मागणी होती. पण तिने तोंड उघडलं, की "तू भूल देण्याचं बघ गं, घराचं माझ्यावर सोड," हे ठरलेलं उत्तर येई.

तक्त्यात पहिलं आलेलं घर खरोखरच देखणं होतं. खिडकीखाली हिरवळ पसरली होती, आणि वारा इतका हळुवार, की पडदाही संकोचून हलत होता. करारावर सही होण्याआधी दलालाने सहज विचारलं, "मॅडमचं इस्पितळ इथून किती लांब?"

नवरोबाने तक्ता वरपासून खालपर्यंत चाळला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "कुठेशी आहे गं ते?"

"इथून तासभर लागतो. आणि बोलावणं आलं, की मला वीस मिनिटांत हजर व्हावं लागतं," ती शांतपणे म्हणाली. लेकीच्या बुटाची नाडी बांधून तिने तिला कडेवर घेतलं.



"इस्पितळासमोरच्या दोन खोल्या मी परवाच घेतल्या. आम्ही दोघी तिथे राहू. तू मात्र इथेच राहा, कुटुंबासाठी फार छान जागा आहे."