चिमणीचा परिच्छेद

शाळकरी मैत्रिणींच्या एकजुटीची कादंबरी वर्गात वाचली जात होती, प्रत्येकीने एकेक परिच्छेद. चिमणी बोलताना अडखळायची, म्हणून बाई रोज तिला गाळून पुढचीला उठवायच्या. "तुझं वाक्य संपेपर्यंत तास संपेल गं."

आज पुढची उठली ती पुस्तक मिटूनच. "बाई, आधी चिमणीचा नंबर आहे."

"फार शहाणी झालीस. बाहेर उभी राहा."

तिच्या मागची उठली. "बाई, चिमणीचा नंबर आहे."

तीही बाहेर. मग तिसरी, चौथी, अख्खी रांग, अख्खा वर्ग. शेवटी आत बाई आणि चिमणी, दोघीच उरल्या.

 

कुणी न सांगता चिमणी उठली, खिडक्यांत दाटलेल्या मैत्रिणींकडे तोंड करून वाचायला लागली आणि घंटा झाली तरी थांबली नाही.