धुतलेले शंख

बोरघाटाच्या पायथ्याशी काळ्या खडकांमधल्या तीन थरांतून गोऱ्या साहेबाने दगड झालेले शंख खणून थरवार तीन टोपल्यांत ठेवले होते. कामावरच्या बायजाला वाटले, मळके शंख साहेबाला कसे द्यायचे? तिने ते एकत्र ओतून तांदळासारखे धुतले. साहेब रिकाम्या टोपल्या उलटून पाहू लागला. "बाई, कुठला शंख आधीचा नि कुठला नंतरचा, हे आता कसं कळायचं?" साहेबाचा कारकून ओरडला. "थांबा की जरा," ती म्हणाली. चूल घालायची माती ती जिभेवरच पारखायची. धुऊनही शंखांच्या तोंडात अडकून राहिलेली माती चाखत तिने तीन ढीग घातले. साहेबाने वहीत थरवार काढलेल्या मोजक्या चित्रांशी ताडून पाहिले; सगळे जुळले. तिच्या हातात एक शंख उरला. "हा कुठल्या थरातला?" कारकुनाने विचारले. "ह्यो माझ्या भातखाचरातला हाय. ह्यांच्याच गोताचा वाटला, म्हनून आनला." साहेबाने तो तळहातावर घेतला. आतून गोगलगायीने हळूच शिंगे बाहेर काढली.