चुकीची वाक्यं

"हात लावू नका मला!" सर ओरडले, आणि त्यांच्या धक्क्यानं साबणाची वाटी पलंगाखाली घरंगळत गेली.

न्हावी दोन पावलं मागं सरला. दारात उभी असलेली सरांची सून ओशाळली. "काका, तुम्हालाही ओळखत नाहीत बघा. मला नाही, पोटच्या मुलाला नाही. म्हटलं, तुमचं तरी ऐकतील. दाढी खाजवून खाजवून हनुवटीखाली जखम केलीय. डॉक्टर म्हणतात, केस काढल्याशिवाय मलम लागायचं नाही."

न्हाव्यानं वाकून वाटी काढली आणि उगाचच पुसत बसला. सरांनी त्याला 'लावू नका' म्हटलं होतं. अठरा वर्षांत त्यांनी त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

अठरा वर्षं दर रविवारी सकाळी इंग्रजीचे हे मास्तर त्याच्या दुकानात खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि गालाला फेस लागला की एक शब्द द्यायचे. आधी शब्द, मग अर्थ, मग वाक्य. न्हाव्याची शाळा सातवीतच सुटलेली. पण तो शब्द तो आरशाच्या कोपऱ्यात साबणानं लिहायचा, गिऱ्हाइकांची डोकी भादरताना आठवडाभर पुटपुटायचा आणि पुढच्या खेपेला स्वतःचं वाक्य करून दाखवायचा. सोपे शब्द सरांना चालत नसत. "सोपे शब्द काय, कुणीही देईल," म्हणायचे. पुढं पुढं चौकातले लोक त्याला डिक्शनरी म्हणायला लागले. त्याची बायको हसायची, पण पाहुण्यांना सांगताना तिचीच मान ताठ व्हायची.

आता तेच सर भिंतीकडं तोंड करून बसले होते. घाबरल्यावर न्हाव्याच्या तोंडून इंग्रजी निघायचं, तसंच आताही निघालं.

"सर, यू आर व्हेरी रिलक्टंट पर्सन."

सरांची मान वळली.

"'अ' कुठं गेला?"

"अं?"

"अ व्हेरी रिलक्टंट पर्सन! आणि नुसता रिलक्टंट कसा असेल माणूस? काहीतरी करायला रिलक्टंट असतो. रिलक्टंट म्हणजे नाखूश. करा वाक्य."

"सर इज रिलक्टंट टु शेव्ह."

"बरोबर," सर म्हणाले, आणि त्यांचे डोळे पुन्हा विझल्यासारखे झाले. ब्रश गालाला लागताच त्यांनी हात उगारला.

तेव्हा न्हाव्याच्या ध्यानात आलं. बरोबर वाक्यानं भागणार नव्हतं.

त्यानं घसा खाकरला. "युबिक्विटस म्हणजे एकाच जागी बसून राहणारा."

"चूक! साफ चूक!" उगारलेला हात मांडीवर आपटला. "युबिक्विटस म्हणजे जिकडंतिकडं आढळणारा. गाढवं युबिक्विटस असतात."

तोवर एक गाल फेसानं माखून झाला होता.

"फ्रॅजाइल म्हणजे धारदार. माय रेझर इज फ्रॅजाइल."

"अरे देवा! फ्रॅजाइल म्हणजे नाजूक, चटकन फुटणारं! कोणी शिकवलं तुम्हाला?"

न्हाव्यानं वस्तऱ्यात नवं पातं बसवलं आणि कानाजवळून अलगद खाली घेतलं. चूक ऐकली की सर हनुवटी वर करायचे, आणि त्याला नेमकी हनुवटीच हवी होती. तोंडाला फेस येईपर्यंत पाठ केलेले शब्द तो एकेक करून मोडत होता. ऑब्स्टिनेट म्हणजे आज्ञाधारक. मेटिक्युलस म्हणजे गबाळा. सून तोंडाला पदर लावून हसत होती. मग हसता हसता तिचे डोळे भरून आले, तशी ती पाणी गरम करायच्या निमित्तानं आत गेली.

जखमेच्या कडेचे केस तेवढे राहिले होते. तिथं हात हलून चालणार नव्हतं.

"ग्रेगेरियस म्हणजे एकलकोंडा," न्हावी म्हणाला.

सर या वेळी ओरडले नाहीत. हनुवटी वर करून छताकडं बघत राहिले. "ग्रेगेरियस म्हणजे माणसांत रमणारा. उदाहरणार्थ, माझा न्हावी ग्रेगेरियस आहे. अर्धी दाढी तशीच ठेवून गप्पा मारतो."

न्हाव्याचा हात थांबला. हे वाक्य सरांनी पहिल्यांदा केलं, तेव्हा दुकानातले सगळे जण खो खो हसले होते, आणि अर्थ कळल्यावर तोही.

"कोण न्हावी, सर?"

"होता एक चौकात. शाळा फार झाली नव्हती, पण काय डोकं! दिलेला शब्द कधी विसरला नाही. वर्गातली पोरं विसरायची. हल्ली येत नाही तो."

न्हाव्यानं श्वास रोखून शेवटचे केस उतरवले. कोमट पाण्यात टॉवेल बुडवून पिळला, जखम सांभाळून चेहरा टिपला. सरांनी दोन्ही गालांवरून हात फिरवला. बऱ्याच दिवसांनी आपला चेहरा हाताला लागल्यासारखे ते स्वतःशीच हसले. मग समोरच्या माणसाला त्यांनी नीट न्याहाळलं, अगदी नवीन विद्यार्थ्याला न्याहाळावं तसं.

"वाईट वाटून घेऊ नका," ते हळूच म्हणाले, "पण तुमचं इंग्रजी फार कच्चं आहे हो. आठवड्यातून एकदा येऊन भागायचं नाही. रोज येत जा."