काकांचा टार्पन

"दोन्ही हातांनी धरा, वहिनी. काठी आहे ती, चहाची किटली नव्हे," नावाडी म्हणाला.

काकूंनी दुसरा हात लावला. मासे धरायची ती काठी काकांची होती. काका जाऊन वर्ष व्हायला आलं होतं.

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे नाव उभी होती. इंजिन बंद. कालचा दिवस कोरडा गेला होता, परवाचाही. काकूंना त्याचं काही वाटलं नव्हतं. हल्ली त्यांना कशाचंच काही वाटत नसे.

काकांचं चष्म्याचं दुकान खाली आणि घर वर. त्यामुळे दुकान कधी बंद झालंच नाही. हातात घास असताना गिऱ्हाईक जिना चढून यायचं, "काका, जरा दांडी घट्ट करून देता?" काका उठायचे. अंथरुणाला खिळलेल्या आईने हाक मारली की उठायचे. मुलगी-जावई एकाच छपराखाली, त्यांचं काही अडलं की काकाच. नाही हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता.

वर्षातून एक आठवडा मात्र ते कुणाचं ऐकत नसत. काठी घेऊन इथे यायचे. टार्पन धरायचा होता त्यांना. माणसाएवढा मासा, तळहाताएवढे चंदेरी खवले. आयुष्यात एकदा तरी, म्हणायचे. आणि दर वर्षी रिकाम्या हाताने घरी यायचे.

"काय काका, यंदाही माशालाच चष्मा लावून आलात का?" गल्लीतले लोक चिडवायचे. काका हसायचे आणि कामाला लागायचे.

ते गेले त्या दिवशी काकू रडल्या नाहीत. आलेल्यांना पाणी दिलं, सासूबाईंना भरवलं. पुढच्याच आठवड्यात दुकान उघडलं. "आई, जरा मोकळी हो गं," मुलगी म्हणायची. काकू काचा पुसत राहायच्या.

मग एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "मिळाला का हो शेवटी काकांना तो मासा?"

"नाही," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातली फ्रेम तशीच राहिली. दुःख नव्हतं ते. गॅस बंद करायचा राहिला की मनात खुपत राहतं, तसं काहीतरी.

काकांचा मासा धरायला जाते म्हटल्यावर घरात एकच गहजब झाला. "तुला पोहता तरी येतं का? दुकान कोण बघणार? आजीला तुझ्याच हातचं लागतं!" मुलगी म्हणाली. जावई म्हणाला, "मासे बाजारातही मिळतात, आई." काकूंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि पिशवी भरली.

"वहिनी!" नावाडी ओरडला.

काठी धनुष्यासारखी वाकली होती. रिळावरून दोरी किंचाळत सुटली.

"ओढू नका! जाऊ द्या त्याला. उडाला की काठी खाली झुकवा, नाहीतर दोरी तुटेल."

पाणी फुटलं. लखलखीत चांदीचा एक मोठा पत्रा हवेत उभा राहिला, थरथरला आणि कोसळला. काकूंनी काठी झुकवली. पुन्हा ओढली, पुन्हा झुकवली. ऊन चढलं. खांदे भरून आले, तळवे सोलवटले. नावाडी काठी घ्यायला पुढे झाला, तशी त्यांनी मान हलवली. दुखत होतं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी दुखत होतं.

शेवटी मासा थकून नावेला टेकला. नावाड्याने वाकून त्याचा जबडा धरला आणि गळ काढला.

काकू त्याच्या डोळ्याकडे बघत राहिल्या. वर्षभर दुकानात त्यांच्यासमोर डोळेच येऊन बसत होते, आणि प्रत्येकाला काही ना काही हवं असायचं. हा एवढा मोठा डोळा, पण काही मागत नव्हता.

"सोडू? खाण्याच्या कामाचा नाही हा. नुसते काटे."

काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "सोडा."

मासा हळूच खाली गेला. काकू फळीवर बसल्या. आता रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही.

"सुटले ते," त्या म्हणाल्या. "एवढं एकच राहिलं होतं त्यांचं."

नावाडी बराच वेळ दोरी गुंडाळत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "वहिनी, रागावणार नसाल तर एक सांगतो. दादांना टार्पन पहिल्याच वर्षी लागला होता. याच्याहून मोठा."

"मग दर वर्षी यायचे ते?"

"यायचे. पण त्यानंतर गळ कधी पाण्यात टाकला नाही त्यांनी. नाव इथेच उभी करायला सांगायचे आणि पिशवी उशाला घेऊन आडवे व्हायचे. उन्हं कलेपर्यंत. मी म्हणायचो, दादा, निदान घरी तरी सांगा, खूश होतील सगळी. तर म्हणायचे, 'मिळाला म्हणून सांगितलं, तर पुढच्या वर्षी काय सांगून घराबाहेर पडू?'"

नाव जागच्या जागी डुलत होती. हाक मारणारं आसपास कुणी नव्हतं. त्यांनी पाय लांब केले.

फोन वाजला. मुलगी होती.

"आई, कधी निघतेयस? आजीने सकाळपासून काही खाल्लं नाहीये. आणि ते बँकवाले साहेब दोनदा येऊन गेले, त्यांचा चष्मा कुठे ठेवलायस तेच सापडत नाहीये." मग तिने विचारलं, "मिळाला का गं बाबांचा मासा?"

काकूंच्या तळहाताला एक चंदेरी खवला चिकटला होता. त्यांनी हात पाण्यात बुडवून धुतला.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी परत यावं लागेल."